धोंडबा अस्वलाची पाठ आणि दोन मानकं

एका जंगलात दगडाची खाण होती. जंगलात खाण कशी, असं विचारू नका मुलांनो. परवानगी सिंहमहाराजांनी दिली होती, आणि तुम्ही अजून लहान आहात.

खाणीतला डंपर धोंडबा अस्वल चालवायचा. रस्ता खड्ड्यांचा, सीट लाकडी फळीची. संध्याकाळी उतरला की त्याला सरळ उभं राहता येईना. पोरगी कडेवर घ्या म्हणून हात पसरायची, आणि हा बापडा तोंड फिरवायचा.

शेवटी तो सुरक्षा अधिकारी मोरसाहेबांकडे गेला.

"सायेब, हादऱ्यांनी पाठीचं पार भुस्काट झालं बगा. गादीची सीट द्या एखादी."

"असं कसं देता येईल? आधी तुझा हादरा मानकात बसतो का, ते पाहावं लागेल."

मानक म्हणजे, मुलांनो, कोणी किती सोसावं याचं न सोसणाऱ्यांनी ठरवलेलं माप.

मानकं निघाली दोन. परदेशी मानक दरवर्षी थंडीत येणारा रोहित पक्षी घेऊन आला. तो स्वतः कधी बसत नाही, एका पायावर उभा असतो, म्हणून बसण्यातला तज्ज्ञ. त्याच्या मानकात ज्या हादऱ्याला धोका म्हटलं होतं, त्यालाच देशी मानकात किरकोळ म्हटलं होतं. आपली जनावरं मुळातच काटक ना! कोणतं मानक खरं, यावर मोर आणि रोहित पक्षी या दोघांनी थंडी संपत येईपर्यंत चर्चा केली. चहा धोंडबाच आणून द्यायचा, वाकून.

मग हादरा मोजायचं यंत्र आलं. मोराने ते डंपरच्या फळीवर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. धोंडबाने किल्लीला हात घातला.

"थांब!" मोर किंचाळला. "महागाचं यंत्र आहे! हादरे बसून बिघडलं तर?"

म्हणून मोजणी उभ्या डंपरवर झाली, इंजिन बंद ठेवून. हादरा शून्य भरला. दोन्ही मानकांचं पहिल्यांदाच एकमत झालं. रोहित पक्ष्याला शाल-श्रीफळ मिळालं.

"आन् माजी पाठ, सायेब?"

"ती कुठल्याच मानकात नाही रे. तू ते यंत्र गोदामात पोचव. थांब, फळीवर नको, खाली गादी घाल."

गादी तासाभरात मंजूर झाली. ती अजून यंत्राखाली आहे.

धोंडबा फळीवरच आहे. पोरगी आता मोठी झाली. कडेवर घ्या म्हणत नाही.

तात्पर्य: मुलांनो, खूप शिका आणि मोठेपणी यंत्र व्हा. तेवढी हुशारी नसेल, तर निदान पाठीशिवाय जन्माला या.