वेटरच्या नाकावरची माशी

"माशी कुठाय?"

मास्तरांनी हे इतक्या जोरात विचारलं की शिडीवर चढून दिवे बसवणारा माणूस मुकाट्याने खाली उतरला.

सिनेमाच्या त्या छोट्या संग्रहालयात संध्याकाळी पाच वाजता मूक विनोदी चित्रपटांच्या पोस्टरांचं प्रदर्शन उघडायचं होतं. वाळवी लागलेली, घड्यांवर चिरलेली तीस पोस्टरं मास्तर आणि त्यांच्या बायकोने वर्षभर खपून सावरली होती. पोस्टरांखाली दुरुस्त करणाऱ्याचं नाव यंदा प्रथमच लागणार होतं, आणि पुढच्याच महिन्यात मास्तर निवृत्त होणार होते. म्हणजे तेच पहिलं आणि तेच शेवटचं.

सगळ्यांत मानाचं पोस्टर वेटरचं. दोन्ही हातांवर बशांची चळत, एक पाय साबणाच्या वडीवर, आणि दोन्ही डोळे स्वतःच्या नाकाकडे. कारण नाकावर माशी. हाकलावी तर हात मोकळे नाहीत. दुरुस्तीच्या आधी काढलेला फोटो निमंत्रणपत्रिकेवर छापला होता, त्यात माशी ठळक दिसत होती. भिंतीवरच्या वेटरच्या नाकावर मात्र काही नव्हतं.

"तू पुसलीस," मास्तर बायकोला म्हणाले. "कापसाचा बोळा हातात आला की तू थांबतेस कुठे?"

"मी बशा केल्या आणि कोट केला. चेहरा तुम्ही केलात. आधी पाकिटं बघा."

पाकिटांचा नियम मास्तरांचाच. पोस्टरवरून जे निघेल, जुना गोंद, चिकटपट्टी, धुळीचा खडा, ते फेकायचं नाही. पाकिटात घालायचं, वर लिहायचं, खाली सही करायची. अशी चारशे पाकिटं वर्कशॉपमध्ये पडली होती.

"पाकिटं कशाला? माझ्या सगळं लक्षात असतं," असं म्हणून मास्तर पहारेकऱ्याकडे वळले. "मग तू फडकं मारलंस."

"काचेवरून मारलं, साहेब. काचेआडची माशी फडक्याने कशी जाईल?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून मास्तर जास्तच भडकले. पाय आपटत ते संचालकबाईंच्या खोलीत शिरले.

"माझ्यामागे कोणाकडून साफ करून घेतलंत ते पोस्टर?"

"मास्तर, वर्कशॉपची किल्ली तुमच्याशिवाय कोणाकडे आहे?"

"म्हणजे मी खोटारडा?"

"मी किल्लीचं विचारलं," बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज चढला होता. "दोन वाजलेत. लोक ती माशी बघायला येतायत. दुसरी काढता येईल का तेवढं सांगा."

मूळ चित्रात आपलं काही घालायचं नाही, हे मास्तर सगळ्यांना तीस वर्षं बजावत आले होते. पण माशी मूळ चित्रकाराची होती, चोरीला गेली होती, आणि ते ती फक्त जागेवर ठेवणार होते. असं स्वतःला समजावत, दात-ओठ खात त्यांनी फ्रेम उघडली. ओल्या कापसाने कधीही पुसता येईल असा रंग घेतला, सगळ्यांत बारीक ब्रश घेतला, आणि तासाभरात सहा पाय, दोन पंख आणि पंखांवरच्या शिरासुद्धा काढल्या. रंग वाळत असताना पहारेकरी घडी केलेलं वर्तमानपत्र उगारून पुढे आला.

"हलू नका, साहेब. बसलीय."

मास्तरांनी ते वर्तमानपत्र हिसकावून त्याच्याच पायावर आपटलं.

पाच वाजता पाहुणे आले, हसले, हसतच राहिले. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, "त्या काळच्या चित्रकाराची सगळी बुद्धी या एका माशीत आहे." टाळ्या पडल्या. नेमक्या त्याच वेळी बायको गर्दीतून वाट काढत आली. तिचे केस विस्कटले होते आणि चेहरा लाल झाला होता. आळ आल्यावर ती गप्प बसणारी नव्हती. दुपारभर तिने एकेक पाकीट तपासलं होतं.

"वाचा," ती म्हणाली.

पाकिटावर लिहिलं होतं: 'वेटर. नाकावरून निघाली. माशी. खरी. भिंतीवर चिकटवतानाच्या खळीत मेलेली.' खाली सहा महिन्यांपूर्वीची तारीख आणि मास्तरांची झोकदार सही. आत वाळलेली माशी होती.

"पण मग तो नाकाकडे का बघतोय?"

"अहो, तो नटच तिरळा होता. शेजारी बघा."

शेजारच्या पोस्टरात तोच नट पोस्टमन झाला होता आणि नाकाकडेच बघत होता. पलीकडच्यात नवरदेव होता, तिथेही तेच. ही दोन्ही पोस्टरं मास्तरांनीच दुरुस्त केली होती. दुपारपासूनचा सगळा राग काढायला आता एकच माणूस उरला होता, ते स्वतः. मास्तरांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"उद्या पुसतो," ते संचालकबाईंना म्हणाले. "माझं नाव काढून टाका."

"नाव राहील," बाई म्हणाल्या. "माशीचं तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोच्या आणि पहारेकऱ्याच्या देखत मास्तरांनी नाक स्वच्छ पुसलं. तो कापूस नव्या पाकिटात घातला आणि वर लिहिलं: 'वेटर. नाकावरून निघाली. माशी. खोटी.' खाली सही केली. माफी मागायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. त्यांनी दोन्ही पाकिटं पहारेकऱ्याच्या हातात दिली.

"कोणी विचारलं तर दाखव. सहीसकट."

अकरा वाजता निमंत्रणपत्रिका हातात घेऊन एक गृहस्थ तणतणत आले. "फसवणूक आहे ही. माशी कुठाय?"

पहारेकऱ्याने मास्तरांकडे एकदा पाहिलं आणि अदबीने दोन्ही पाकिटं पुढे केली.

"खरी दाखवू, की मास्तरांची?"