ॲश्लीचा भोकाभोकांचा ठोकळा

असा ठोकळा आख्ख्या मुलुंडमध्ये दुसरा कुणी करून दाखवला, तर ॲश्ली मिशी उतरवणार होता! ही मिशी एम.एस्सी.च्या निकालाबरोबरच कशीबशी उगवली होती, त्यामुळे पैज तशी मोठी होती.

झालं होतं असं, की पास झाल्याच्या आनंदात ॲश्लीने स्वतःलाच एक रोटरी टूल बक्षीस दिलं. मुठीत मावणारं यंत्र. त्याच्या तोंडात दातांच्या डॉक्टरकडे असतात तसले बारीक बिट बसवायचे आणि बटण दाबायचं. मग ते गरगर फिरून कापतं, घासतं, कोरतं, चकाकवतं. यंत्र एक, पण बिट ढीगभर! ते मुंग्यांसारखे घरभर पसरले. एक मम्मीच्या चपलेत निघाला. एक डॅडींच्या चष्म्याच्या डबीत निघाला. शेवटी एक कोळंबीच्या रश्शात निघाला, तोही डॅडींच्या दाढेखाली. तेव्हा मम्मीने, म्हणजे जॅकलिनबाईंनी, हातातला डाव उगारून फर्मान काढलं,

"इव्हाच्या लग्नाच्या आत ह्यांना घर बांधून दे! नाहीतर सगळे भंगारवाल्याला देईन. यंत्रासकट!"

इव्हा ही ॲश्लीची मोठी बहीण. तिचं लग्न तोंडावर आलं होतं आणि मम्मी बोलली की करते, हे गावठाणातल्या मांजरांनाही ठाऊक होतं.

ॲश्लीने माळ्यावरून आंब्याच्या लाकडाचा एक जाड ठोकळा काढला. दुसरा कुणी असता तर धडाधड भोकं पाडून मोकळा झाला असता. पण ॲश्लीने बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला. प्रत्येक बिटाची दांडी मोजली, पुन्हा मोजली, मग दिव्याखाली धरून परत मोजली.

"भोक जरा मोठं ठेव रे," डॅडी बाजूला उभे राहून म्हणाले. फ्रेडी डॅडी आयुष्यभर कारखान्यात स्टोअरकीपर होते, तेव्हा वस्तू ठेवणं-काढणं ह्यावर आपला हक्क आहे असं त्यांना वाटे.

"डॅडी, सैल ठेवायला हा काय पायजमा आहे? दांडी आणि भोक एकदम सेम टू सेम! केसाइतकाही फरक नको."

ठोकळा तयार झाला तेव्हा खरंच देखणा दिसत होता. डायमंडचे बिट एका ओळीत, रबराचे दुसऱ्या ओळीत, आणि टोकाला पापडापेक्षा पातळ कटिंग डिस्क, आपापल्या दांडीवर. ॲश्लीने तो उचलून इव्हाच्या डोक्यावर उलटा धरला.

"बघ! एक तरी पडला?"

"नाही पडला. आता एक काढून दाखव."

"त्याला... थोडा जोर लागतो," ॲश्ली ओठ चावत म्हणाला. बिट निघाला, पण ॲश्लीचं बोट लाल झालं. "नवीन आहे ना. सेट होईल."

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गावठाणातल्या विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणायचं होतं. ही त्यांच्याकडची जुनी रीत. वाजवायचं काम डॅडींचं. दुपारपासून ते घुमटावर, म्हणजे तोंडाला चामडं ताणलेल्या मडक्यावर, थापा मारून हात तयार करत होते. स्वयंपाकघरात डॅडींची बहीण नॅटीआंटी उद्याच्या फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या गोल पावांचं, पीठ परातीएवढ्या पातेल्यात भिजवून बसली होती. रात्रभर फुलवून सकाळी तळायचं होतं. सगळं कसं झकास चाललं होतं.

आणि घुमट बाजूला ठेवून डॅडींना कपाटातली डबी आठवली. डबीत जावयाची अंगठी. मेल्विनसाठी खास घडवून घेतलेली, आतून इव्हाचं नाव कोरलेली.

"माझं बोट आणि मेल्विनचं बोट सारखंच," डॅडी स्वतःशी म्हणाले. "बघू तरी सोनाराने माप बरोबर घेतलंय का."

दुपारपासून घुमट बडवलेलं बोट! अंगठी पेरापर्यंत कुरकुरत गेली, पेर ओलांडून बसली आणि बसली ती बसलीच.

"जॅकी!" पुढच्या मिनिटाला हाक आली. "जॅकी, साबण आण. कुणाला सांगू नको!"

साबण आला, तेल आलं, तूप आलं, आणि न सांगताही सगळं घर आलं. जितकी ओढाओढ, तितकं बोट सुजलं. आधी लाल झालं, मग वांग्यासारखं जांभळं.

"डॅडी!" इव्हाचा चेहरा पांढरा पडला. "उद्या चर्चमध्ये मेल्विनच्या बोटात मी काय घालू? तुझा हात?"

"कापायला पाहिजे," मम्मी म्हणाली.

"कापू नका!" डॅडी ओरडले.

"अंगठी रे, बोट नाही!"

"अंगठीच कापू नका!" इव्हा रडायलाच लागली. "कापलेल्या अंगठीने लग्न करू मी? आणि आज सोनाराचं दुकानपण बंद!"

"बोट काळं पडलं तर हॉस्पिटलातही तेच करतील," मम्मी म्हणाली. "त्यापेक्षा घरात इंजिनियर बसलाय ना!"

"फिजिक्स," ॲश्लीने दुरुस्ती केली, पण छाती फुगलीच. आयुष्यात प्रथमच सगळं घर त्याच्या यंत्राकडे आशेने बघत होतं! "दोन मिनिटांचं काम. पातळ डिस्क लावतो, खाली पत्र्याची पट्टी सरकवतो, कातडीला समजणारसुद्धा नाही. मम्मी, माझा ठोकळा कुठाय?"

"बादलीत."

"कुठे?"

"पाहुणे येणार, म्हणून सगळं घासायला काढलं होतं. किती भुस्सा होता त्या भोकांत! सकाळी साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवला."

ॲश्ली मोरीकडे धावला. ठोकळा बादलीच्या तळाशी शांतपणे बसला होता, पोट भरलेल्या म्हशीसारखा. लाकूड टम्म फुगलेलं. त्याने डिस्कची दांडी धरून ओढली. हलेना. पक्कड लावली. डिस्क कट्कन तुटली, दांडी तशीच. दुसरी ओढली. दुसरी तुटली. मग डॅडींनी एका हाताने ठोकळा धरला, ॲश्लीने पक्कड धरली, मम्मीने ॲश्लीची कंबर धरली आणि तिघं मिळून ओढत राहिले. बिट सोडून सगळं निघालं. पकडीचं रबर निघालं, ॲश्लीच्या शर्टाचं बटण निघालं, डॅडींच्या तोंडून नको ते शब्द निघाले.

"सेम टू सेम!" डॅडी दात चावत म्हणाले. "केसाइतका फरक नको!"

"थांबा. पाण्याने फुगलंय ना? मग सुकवलं की आकसेल," ॲश्ली म्हणाला. एक डिस्क अजून धड होती. "ओव्हन!"

केकचा ओव्हन लागला. ॲश्लीने मंद आच ठेवून ठोकळा आत सरकवला आणि डॅडींना स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं. "तोपर्यंत बोट आणखी सुजायला नको. डॅडी, हात डोक्याच्या वर धर. बर्फ लाव. आणि कुणीही अंगठी ओढायची नाही!"

डॅडी एक हात वर करून, बोटाला बर्फाची पिशवी बांधून बसले. वर्गात उत्तर येत असूनही बाईंनी न विचारलेल्या पोरासारखे. इव्हा त्यांच्या बोटाकडे बघत होती, ॲश्ली ओव्हनकडे. नॅटीआंटी पीठ मळत होती, कारण कुणाच्या बोटासाठी पीठ थांबत नसतं.

बराच वेळ गेला. मग एक वास आला.

"ॲश, ओव्हनला टायरचा वास का येतोय?" मम्मीने विचारलं.

रबराचे बिट! पॉलिशचे! ॲश्लीने ओव्हन उघडला तसा काळा धूर भसकन बाहेर आला आणि थेट स्टुलावर गेला. डॅडी खोकत उठले, बर्फाची पिशवी गळून पडली, आणि धूर हाकलायला त्यांनी वरचा हात जोरात झटकला.

काहीतरी चमकलं. हवेतून गेलं. आणि पिठात 'पच्' असा आवाज झाला.

डॅडींनी बोट डोळ्यांसमोर धरलं. बोट मोकळं होतं! इतका वेळ वर धरून, बर्फात राहून सूज उतरली होती, आणि आधीचं तेल-तूप होतंच मदतीला.

"अंगठी!" इव्हा किंचाळली आणि कोपरापर्यंत पातेल्यात शिरली. मागोमाग मम्मी शिरली, मग ॲश्ली.

"हात धुतलेत का रे मेल्यांनो?" नॅटीआंटी ओरडत होती. "उद्या लोकांनी खायचंय ते!"

शेवटी इव्हाचाच हात वर आला. चिकट, पांढराशुभ्र, आणि मुठीत अंगठी. धुऊन पुसली. ओरखडासुद्धा नाही. आतलं नावही जागच्या जागी. इव्हाने पिठाच्या हातांनी ॲश्लीला मिठी मारली आणि त्याच्या मिशीला पीठ लागेपर्यंत सोडलं नाही.

"थँक यू रे, ॲश. तुझा ठोकळा नीट झाला असता ना, तर आत्तापर्यंत तू कापून मोकळा झाला असतास!"

ही स्तुती कुठल्या खान्यात ठेवावी, हे ॲश्लीला कळेना. ठोकळा एका बाजूने कोळसा झाला होता. बिट एकही निघाला नव्हता. तरी त्याला आतून फार बरं वाटत होतं. मम्मीने भंगारवाल्याचं नावही काढलं नाही. तिने ठोकळा पुसून स्वतः शोकेसमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये अंगठी मेल्विनच्या बोटात लोण्यासारखी गेली. संध्याकाळी मांडवात डॅडींनी ग्लास उंचावून सगळ्यांचे आभार मानले. आधी देवाचे, मग बँडवाल्यांचे, मग आचाऱ्याचे. "आणि माझ्या मुलाचे," डॅडी ग्लास ॲश्लीकडे वळवत म्हणाले. "त्याने एवढी पक्की वस्तू बनवली, म्हणून आज माझ्या पोरीच्या लग्नात अंगठी अख्खी आहे!"

टाळ्या पडल्या. ॲश्लीने मिशीवरून हात फिरवला. संशोधकाचं आयुष्य सार्थकी लागतं ते असं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात नॅटीआंटी बशीत फुगे घेऊन त्याच्याजवळ आली आणि कानाशी वाकून हळूच म्हणाली,

"बाळा, मला पण तसला एक ठोकळा करून दे ना. अगदी तसाच हवा हां, काही सुधारू नको."

"नक्की, आंटी!" ॲश्ली फुलून गेला. "काय ठेवणार त्यात?"

"तुझ्या अंकलच्या सिगारेटी."