यावर नंतर बोलू

डोळे मिटा आणि एक शाळा मनात आणा. नको, मिटू नका, मग वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच आणा. पुढे वर्ग, मागे पटांगण, पटांगणाच्या टोकाला पाण्याची टाकी आणि टाकीखाली कायम ओली राहणारी माती. आता समजा, की या शाळेच्या घंटेला चीर गेली आहे. शिपाईकाका जीव तोडून टोला देतात, पण उशीवर चापट मारावी तसा ‘थप्’ एवढाच आवाज येतो. तो काही टाकीपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे मधली सुट्टी संपली तरी मुलं वर्गात येत नाहीत. आलं ना सगळं डोळ्यांसमोर? मान हलवा, म्हणजे मला कळेल. छान.

अशा वेळी काय करायला हवं? नवी घंटा आणायला हवी, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही अजून लहान आहात. मोठ्या माणसांनी या कामासाठी एक सल्लागार कंपनी बोलावली.

त्या कंपनीत खारूचा मामा नुकताच लागला होता. खारू म्हणजे याच शाळेत चौथीत शिकणारी त्याची भाची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिला सगळे खारू म्हणत. मामा ताईकडेच राहत होता आणि नोकरीत अजून कच्चा होता. म्हणजे पहिलं सादरीकरण नीट पार पडलं तर पक्का होणार, नाहीतर गाशा गुंडाळून घरी.

कंपनीने त्याला चांगल्या सवयी लावायला घेतल्या होत्या. सल्लागाराने ‘मला माहीत नाही’ असं म्हणायचं नसतं, ‘याला बरेच पैलू आहेत’ असं म्हणायचं असतं. कुठल्याही गोष्टीला कारणं तीनच असतात. दोन सापडली तर तिसरं धुंडाळायचं, चार सापडली तर एकाला निरोप द्यायचा. बोलताना तळहात उघडे ठेवायचे, जणू त्यांवर कबुतर येऊन बसणार आहे. शर्ट पांढरा हवा आणि त्याच्या बाहीवर सुरकुती नको, कारण बाहीला सुरकुती पडली की सल्ल्यालाही पडते.

सगळ्यांत मोलाची सवय कागदाची. बैठकीआधी भिंतीवर एक भलामोठा कोरा कागद चिकटवायचा आणि वर जाड पेनाने लिहायचं, ‘यावर नंतर बोलू’. कोणी अडचणीचा प्रश्न विचारला, की हसून म्हणायचं, “छान मुद्दा आहे,” आणि तो त्या कागदावर उतरवायचा. विचारणारा खूश होतो, कारण त्याचा प्रश्न भिंतीवर लागतो. बैठक संपली की कागदाची गुंडाळी करायची, तिला रबर लावायचं आणि कंपनीच्या कपाटामागे उभी करून ठेवायची. कपाटामागे इतक्या गुंडाळ्या साठल्या होत्या, की कपाट हातभर पुढे सरकलं होतं आणि खोलीचं दार अर्धंच उघडत होतं. तिथे सगळे तिरके होऊन आत शिरायला शिकले होते. तीही एक सवयच.

सवयी मामासोबत घरीही येत. चहा घेणार का, असं ताईने विचारलं, तर तो तळहात उघडून म्हणे, “घेईन, आणि त्याची तीन कारणं आहेत.”

“एकही सांगू नकोस,” ताई म्हणे. “गार होईल.”

शाळा पाहून आल्यावर मामाने प्रामाणिकपणे एका कागदावर लिहिलं, ‘नवी घंटा आणावी’, आणि तो कागद आपल्या मॅडमपुढे ठेवला. मॅडम म्हणजे त्याच्या वरिष्ठ. त्याला पक्का करायचं की नाही, हे त्यांच्याच हातात. त्यांनी कागद वाचला, उलटला, मागे काही लिहिलंय का ते पाहिलं.

“हे तर एका ओळीत मावतं,” त्या म्हणाल्या.

मामाने ते मान्य केलं.

“एका ओळीसाठी कोणी सल्लागार बोलावत नाही. मुळाशी जा.”

मामा मुळाशी गेला. मुलं उशिरा का येतात? घंटा ऐकू येत नाही म्हणून. ऐकू का येत नाही? ती लांब असतात म्हणून. लांब का असतात? खेळायला जातात म्हणून. खेळायला का जातात? मधली सुट्टी असते म्हणून. इथे मूळ लागलं. जी मुलं बाहेर गेलीच नाहीत, त्यांना परत यायला उशीर होऊच शकत नाही. याला हसू नका, यात चूक काढून दाखवा. मॅडमनाही काढता आली नाही. त्यांनी मामाच्या पाठीवर थाप मारली आणि शीर्षक स्वतः सुचवलं, ‘आसनस्थ विश्रांतीकडे वाटचाल’. मधली सुट्टी बंद. त्याऐवजी मुलांनी बाकावर बसूनच, बाईंच्या देखरेखीखाली, शिस्तीत ताजंतवानं व्हायचं.

आता त्या टाकीखालच्या मातीत काय चाललं होतं, हे तुम्हाला सांगायला हवं. तिथे खारू आणि तिच्या मैत्रिणी एक बंदर बांधत होत्या. टाकीच्या थेंबाथेंबाच्या पाण्यावर चालणारं, दगडी धक्का असलेलं, झाडाच्या सालीच्या होड्या असलेलं खरंखुरं बंदर. कालवा भिंतीपर्यंत आला होता. आता बांध फोडायचा आणि पहिली होडी समुद्रात, म्हणजे गटाराच्या जाळीपर्यंत, सोडायची, एवढंच बाकी होतं. खारूने आईला ते बघायला बोलावलं होतं. आई म्हणाली होती, नंतर बघू. बाबांना बोलावलं होतं. बाबा म्हणाले होते, आधी हे काम आटपू दे.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी मामाने घरी तालीम केली. ताईला वेळ नव्हता, म्हणून श्रोता म्हणून खारूला खुर्चीवर बसवलं. मामाने तिला ठरावीक अंतराने मान हलवायला शिकवलं आणि मध्येच अवघड प्रश्न विचारायलाही सांगितलं. शेवटचं चित्र आलं तेव्हा तिची मान हलायची थांबली.

“मग आम्ही खेळायचं कधी?”

“छान मुद्दा आहे,” मामा म्हणाला आणि घरातल्या कपाटाच्या दारावर लावलेल्या कागदावर त्याने तो लिहिला.

“नंतर म्हणजे कधी?”

“हाही छान मुद्दा आहे.” तोही लिहिला.

“मामा, त्या कागदावरच्या गोष्टींवर पुढे कोणी बोलतं का रे?”

मामाने पेनाला टोपण लावलं. माहीत नाही म्हणायची सोय नव्हती, आणि पैलू तर एकच होता. शेवटी तो भाचीशी खोटं बोलू शकला नाही.

“माझ्या तरी पाहण्यात नाही,” तो म्हणाला.

खारू विचारात पडली. मामालाही त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. पण पोट नोकरीला बांधलेलं असलं की मन थोडं बाजूला बसतं, हे तुम्हाला मोठेपणी कळेल.

कंपनीची आणखी एक सवय अशी, की ज्यांच्या भल्यासाठी बदल करायचा, त्यांच्यापैकी एकाला बैठकीत बसवायचं. त्याने बोलायचं नसतं, फोटोत दिसायचं असतं. मान हलवण्याचं शिक्षण झालेलं मूल म्हणून खारूची निवड झाली. मॅडमना ती आवडली. कागदावरचे मुद्दे हिच्याच हस्ताक्षरात येऊ देत, त्याने सहभाग उठून दिसतो, असं म्हणून त्यांनी जाड पेन तिच्या हातात दिलं.

बैठक सुंदर झाली. मामाच्या बाहीवर एक सुरकुती नव्हती. त्याने तीन कारणं सांगितली, तीन फायदे सांगितले, आणि दर तिसऱ्या चित्रानंतर कबुतरासाठी तळहात उघडले. शाळेचे अध्यक्ष इतकी मान हलवत होते, की त्यांना झोप लागली आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मुख्याध्यापकांनी चाचरत विचारलं, की घंटेचं काय? छान मुद्दा आहे, मॅडम म्हणाल्या, आणि खारूने लिहिलं, ‘घंटा’. खेळाच्या सरांनी विचारलं, की मुलांच्या हातापायांचं काय? खारूने लिहिलं, ‘हातपाय’. सरांनी आपला प्रश्न भिंतीवर पाहिला आणि त्यांचं समाधान झालं.

शेवटी अध्यक्ष जागे झाले. “तर मग मंजूर करायचं काय आहे?”

“एकच गोष्ट,” मॅडम म्हणाल्या. “उद्यापासून मधली सुट्टी बंद.”

खारू उठली. तिने दोन्ही तळहात उघडले. एकात जाड पेन होतं, त्यामुळे कबुतराला जागा थोडी कमी पडली.

“छान मुद्दा आहे,” ती म्हणाली. “यावर नंतर बोलू.”

आणि सुबक अक्षरात तिने ‘हातपाय’च्या खाली लिहिलं, ‘मधली सुट्टी बंद करणे’.

मॅडमनी तोंड उघडलं. पण म्हणणार काय? तो मुद्दा तिथे लिहू नका म्हणावं, तर त्या कागदावरच्या मुद्द्यांचं पुढे काही होत नाही, हे सगळ्यांसमोर कबूल करावं लागणार. त्यांनी तोंड मिटलं. मुख्याध्यापकांनी एकदा कागदाकडे पाहिलं आणि मान हलवली, या वेळी अगदी मनापासून.

“घेतलंय ना लिहून? मग झालं तर,” अध्यक्ष म्हणाले आणि डब्याची चौकशी करू लागले.

मॅडमनी मामाकडे पाहिलं. गुंडाळी करणं हे सगळ्यांत कच्च्या माणसाचं काम. मामाच्या हातून कागद फाटू शकला असता, किंवा तो म्हणू शकला असता, की जरा थांबा, ती लहान आहे. त्याने खारूकडे पाहिलं. मग त्याने भिंतीवरून कागद अलगद काढला, घट्ट गुंडाळला आणि त्याला एकाऐवजी दोन रबरं लावली.

ती गुंडाळी कपाटामागे उभी राहिली. कपाट आणखी बोटभर पुढे आलं. महिनाअखेर मामा पक्का झाला, कारण ग्राहकाने शेवटपर्यंत एकही आक्षेप घेतला नाही असं काम कंपनीत पहिल्यांदाच झालं होतं. घंटा अजून ‘थप्’ अशीच वाजते आणि मुलं अजून उशिरा येतात. त्यावर नंतर बोलणार आहेत.

आणि तुम्ही, जे मोठे आहात आणि हे शेजारी बसलेल्या लहानग्याला वाचून दाखवताय, मामाला मनसोक्त हसलात ना? वाचायला बसण्याआधी त्या लहानग्याने तुम्हाला काहीतरी विचारलं होतं. तुम्ही काय उत्तर दिलंत, ते आठवा. मान हलवू नका, आठवा.

असो, खारूचं राहिलं. बैठकीच्या संध्याकाळी तिने मामाला सांगितलं, की उद्या बांध फोडणार आहोत, तू होडी बघायला ये. मामाचा जीव भांड्यात पडला होता, तो आरामात खुर्चीवर रेलला होता. सवयीने त्याचे तळहात उघडले.

“येईन की,” तो म्हणाला. “त्यावर आपण नंतर...”

खारूने खिशातून जाड पेन काढलं. टोपण दातांनी उघडलं. मामाचा हात धरून सरळ केला आणि त्या पांढऱ्याशुभ्र, बिनसुरकुतीच्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत लिहिलं: ‘उद्या. मधल्या सुट्टीत.’