बिनखोडीचं जनावर

आमच्या तात्यांना जनावराची खोड सांगता येत नाही. दिसते, तुमच्याआमच्या आधी दिसते, पण तोंडातून बाहेर पडत नाही. त्यांची उभी हयात जनावरांच्या बाजारात दलालीत गेली. विकणाऱ्याच्या बैलाचं कौतुक करायचं आणि घेणाऱ्याला ते पटवायचं, हा धंदा. वर खोटं बोलायचं नाही, हा तात्यांचा स्वतःचा कायदा. आता खोटंही बोलायचं नाही आणि खोडही काढायची नाही म्हटल्यावर माणसाच्या भाषेचं काय होणार? लंगड्या बैलाला तात्या 'घाई न करणारा' म्हणत. मारक्या म्हशीला 'घरची माणसं ओळखणारी'. म्हातारी गाय त्यांच्या लेखी 'समजूतदार' असायची. बाजारातल्या लोकांना ही भाषा पाठ होती, त्यामुळे फसायचं कुणी नाही. तात्या 'समजूतदार' म्हणाले की गिऱ्हाईक आधी गाईचे दात बघायचं.

जळोचीत आमचं घर आणि तात्यांचं घर यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे. मी बारामतीत शाळेत गणित शिकवते. मला उत्तर सरळ लागतं, आणि नशिबानं शेजार असा दिलाय. आमच्या भिंतीला ओल आली, दाखवली, तर म्हणाले, "उन्हाळ्यात गार लागंल बघा." आमच्या ह्यांचं पोट सुटलं तर म्हणे, "सायेब अंगानं भरल्यात." एकदा मीच केलेल्या आमटीत मीठ डबल पडलं होतं. वाटीभर पाठवली आणि नंतर विचारलं, कशी झाली? "चवीला कमी न्हाय," म्हणाले. या माणसाशी भांडायचं कसं, हे मला अजून समजलेलं नाही.

तात्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. लेक लग्न होऊन लांब गेली. घरामागं दावण आहे, पण ती पहिल्यापासून रिकामीच. "आपण दलाल मानूस," तात्या सांगायचे. "आपल्या दावणीला जनावर मुक्कामाला नसतंय. आज हितं, उद्या मालकाकडं." त्यामुळे तात्यांनी जन्मात एकाही जनावराला नावं ठेवली नाहीत आणि नावही ठेवलं नाही. नाव ठेवायचं ते मालकानं.

तर एका रविवारी सकाळी तात्यांनी भिंतीपलीकडून हाक मारली. "बाई, एक चीज दावतो."

चीज त्यांच्या तळहातावर होती. कुत्रीचं पिल्लू. मागच्या रानात ऊस तुटून गेला होता, तिथल्या पाचटाच्या ढिगात सापडलं म्हणे. अंगावर केस निम्मेच, उरलेल्या जागी खरूज. कानात गोचीड चिकटलेले. हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र टम्म फुगलेलं. मला कुत्र्यांचं फार कौतुक नाही, त्यात हे असलं.

"तात्या, हे जगायचं नाही," मी म्हटलं.

"हलकं जनावर हाय. उचलायला तरास न्हाय."

"अहो, केस गेलेत सगळे."

"केसाळ न्हाय. पिसवा व्हायच्या न्हाईत."

"आणि पोट?"

"भरल्याली हाय पोटानं," तात्या म्हणाले, आणि उपाशी पिल्लाच्या फुगलेल्या पोटावरून त्यांनी एक बोट फिरवलं.

पुढचं त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. शेळगावच्या बापूरावांना डाळिंबाच्या बागेला राखणीला कुत्रं हवं होतं. बापूराव तात्यांचं जुनं गिऱ्हाईक, चांगला माणूस. तात्यांनी फोन करून शब्दही देऊन टाकला होता. पिल्लू बरं झालं की शेळगावला. "मोठी बाग हाय, सावली हाय, मान्सं हायत," तात्या म्हणाले. "सोनं हुईल हिचं." मला पटलं. आधी जगवायचं आणि मग द्यायचं, एवढाच हिशोब होता.

दवाखान्यात न्यायला गाडी कुणाची, तर माझी स्कूटी. पेंडीच्या रिकाम्या पोत्यात पिल्लू, पोतं तात्यांच्या मांडीवर, आणि तात्या मागं एका बाजूला पाय सोडून, मोटारसायकलवर नवी नवरी बसते तसे. जनावरांच्या दवाखान्यात त्या दिवशी सगळ्या गाई आणि एक शेळी होती. डॉक्टर तरुण होते, कामाचे होते, आणि घाईत होते.

"नाव काय पिल्लाचं?"

"नाव मालक ठिवंल. मी दलाल."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"बरं, काय होतंय तिला?"

"काय न्हाय. झ्याक हाय."

"मग आणली कशाला?"

मला दिसत होतं, उत्तर तात्यांच्या ओठापर्यंत येत होतं आणि परत जात होतं. शेवटी म्हणाले, "खान्यापिन्याला बेताची हाय. मालकावर भार न्हाय."

"खात नाही," मी डॉक्टरांना सांगितलं.

"पोट मोकळं ऱ्हातं तिचं."

"जुलाब."

"अंगाला सारखा हात लावती. टापटीप हाय."

"खाजवते, डॉक्टर. रक्त येईपर्यंत खाजवते."

असं ते चाललं. तात्या तारीफ करत होते, मी भाषांतर करत होते आणि डॉक्टर लिहून घेत होते. शेळीवाले आजोबा मध्येच मला म्हणाले, "बाई, मान्साला वाटंल तुमी दोघं इकायला आलाय." डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, गोचिडाचं दिलं, आंघोळीचं दिलं. दूध काय देता, विचारलं. म्हशीचं, धारोष्ण, तात्या अभिमानानं म्हणाले. आमच्या भागात कुणीही आजारी पडलं की पहिलं दूधच पुढं करतात. डॉक्टरांनी हात जोडले आणि दूध बंद करायला सांगितलं. दहीभात द्या, उकडलेलं अंडं द्या. जरा अंग धरलं की लस टोचू.

अंड्यानं मोठा पेच झाला. तात्यांच्या गळ्यात माळ. अंडं त्यांच्या चुलीवर चढणार नाही. मग ते माझ्या गॅसवर उकडायचं, आणि ते उकडेपर्यंत तात्या भिंतीकडं पाठ करून उभे राहायचे, जणू कुणाचा कोण. दोनचार दिवस मीच सोलून, कुस्करून देत होते. मग एक दिवस शाळेत जायची घाई होती, तशीच वाटी भिंतीवर ठेवली. गेटातून वळून बघते तर तात्या उन्हात बसून, माळ सदऱ्याच्या आत सारून, अंडं सोलत होते.

बाकी सेवेचं काय सांगू. मी दोन पोरं वाढवलीत, पण एवढा धीर मला नव्हता. औषधाचा फेस अंगाला लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा होता. पिल्लू कुडकुडायला लागलं की तात्या त्याला फेसासकट सदऱ्यात घ्यायचे आणि ओट्यावर उन्हाला बसायचे. पाहुणे आले तरी उठायचे नाहीत. गोचीड एकेक करून चिमटीनं काढायचे, आणि काढताना तिच्याशी बोलायचे. "काय नखं हायत. काय शेपूट हाय. असली शेपूट बाजारात न्हाय." शेपूट उंदराच्या शेपटीएवढी होती.

महिना व्हायच्या आत अंगावर लव आली. आता लस टोचायची, असं ठरलं. त्याच आठवड्यात तात्या सकाळी भिंतीशी आले आणि म्हणाले, "आज शांत हाय."

एव्हाना मला त्यांची भाषा येत होती. 'शांत' हा शब्द मी आधी कधी ऐकला नव्हता. मी भिंतीवरून डोकावले. पिल्लू ओकाऱ्यांत पडलं होतं आणि मागून रक्त जात होतं. मी शाळेला फोन केला, येत नाही म्हणून.

डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, पार्वो. लहान पिल्लांना होतो, लस व्हायच्या आधी गाठतो. यावर नेमकं औषध नाही, सलाईन देत राहायचं आणि वाट बघायची. मग रोज सकाळी दवाखाना. सलाईन लागलेलं असायचं आणि तात्या तिचा पुढचा पाय दोन बोटांत धरून खाली फरशीवर बसायचे, सुई हलू नये म्हणून. तारीफ बंद झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाकडं जनावराबद्दल बोलायला काही नव्हतं, आणि मला ते बघवेना.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी तिनं डोळेही उघडले नाहीत. डॉक्टर तपासून उठले. तात्याही उठले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी काढला, डॉक्टरांच्या हातावर टाकला, आणि त्याखाली आपला हात घातला.

ही बाजारातली रीत. भाव तोंडानं करत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरायची, जितकी बोटं दाबली तितका आकडा. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. मला वाटलं डॉक्टर हात मागं घेतील. पण तेही बैलवाल्याच घरातले निघाले. त्यांना कळलं, आणि मलाही कळलं, की तात्या भाव विचारत नव्हते. रुपयात किती आणे आशा आहे ते विचारत होते, आणि ते तिच्यादेखत मोठ्यानं नको होतं त्यांना. टॉवेल जरासा हलला. तात्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. दलालाच्या चेहऱ्यावर दिसतच नाही. त्यांनी टॉवेल परत खांद्यावर टाकला आणि खाली बसून पाय धरला. किती बोटं दाबली, ते मी दोघांनाही कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

पण पोरगी चिवट. दुसऱ्या दिवशी मान उचलली. त्याच्या पुढच्या दिवशी दोन थेंब पाणी चाटलं, ते पोटात राहिलं. मग पेज, मग दहीभात. आठवड्यानं तिनं माझी चप्पल फाडली आणि तात्या भिंतीवरून म्हणाले, "दात लई मजबूत हायत, बाई." मी ओरडायला तोंड उघडलं आणि मला रडूच आलं. चप्पल नवीन होती, पण त्यासाठी नाही.

लस झाली. अंगावर तांबूस केस आले. एक कान उभा राहिला, दुसरा राहिला नाही. ठरल्याप्रमाणं तात्यांनी शेळगावला निरोप दिला. शब्द म्हणजे शब्द.

बापूराव छोटा टेम्पो घेऊन आले. सोबत चामड्याचा नवा पट्टा आणला होता, कौतुकानं. माणूस खरंच चांगला, त्यांच्याकडं ती सुखातच राहिली असती. तात्यांनी चहा केला. दोघं ओट्यावर बसले, पिल्लू तात्यांच्या मांडीवर. मी भिंतीशी कपडे वाळत घालत होते. वाळलेलेच घालत होते, खोटं कशाला बोलू.

बापूरावांनी तिचा जबडा उघडून दात बघितले, पाठीवर हात फिरवला. "झ्याक झालीय की, तात्या. काय खोड बीड?" हे नुसतं रिवाज म्हणून विचारायचं असतं. तात्यांचं उत्तर अख्ख्या तालुक्याला माहीत होतं.

तात्यांनी कप खाली ठेवला.

"हाय," म्हणाले.

बापूरावांचा कप हातातच राहिला.

"भितरी हाय. पाचटात उंदीर हालला तरी माझ्या पायात येती. राखनीला उपेगाची न्हाय." तात्या समोर रस्त्याकडं बघत बोलत होते. "भुंकायचं कळत न्हाय तिला. मान्सावर भुंकत न्हाय, कावळ्यावर भुंकती. पोट नाजूक हाय, पुन्यांदा दुखनं काढंल. एक कान पडल्याला हाय. चपला खाती. बाईंना इचारा."

मी, जिला उत्तर सरळ लागतं ती मी, म्हणाले, "खाते हो, बापूराव. घरात चप्पल म्हणून राहिली नाही."

"आनि..." तात्या थांबले. "आनि एकटं ठिवलं तर जेवत न्हाय. वाढल्यालं तसंच ऱ्हातं. दाराकडं तोंड करून बसती. कोन आलं, म्होरं बसलं, तरच दोन घास जात्यात. न्हायतर झाकून ठिवायचं आनि निजायचं."

हे मात्र तिचं नव्हतं. ती माझ्या डोळ्यांदेखत रोज एकटी परात चाटूनपुसून साफ करायची, आणि वर माझ्या दारात यायची. इतकी वर्षं मी भिंतीवरून आमटी दिली, चव विचारली. कुणाबरोबर जेवलात, हे एकदाही विचारलं नव्हतं.

बापूरावांनी चहा संपवला, कप पालथा घातला आणि ते उठले. "एवढ्या खोडीचं जनावर मी न्हाय न्यायचा बाबा," म्हणाले. पट्टा त्यांनी ओट्यावरच ठेवला. "ह्यो ऱ्हाऊ द्या हितं. माझ्याकडं कुनाला बसत न्हाय." टेम्पो सुरू झाला, वळला आणि रस्त्याला लागला.

तात्या तसेच बसून होते. तेव्हा माझं लक्ष गेलं. कप ठेवल्यापासून त्यांनी दोन्ही तळव्यांनी तिचे कान गच्च झाकून धरले होते, उभा तो आणि पडलेला तोही. पिल्लू बिचारं मुकाट्यानं मान अडकवून बसलं होतं.

"तात्या, गेले ते," मी म्हटलं. "सोडा आता कान."

त्यांनी हात काढले. माझ्याकडं न बघता हळूच विचारलं, "ऐकलं नसंल न्हवं तिनं?"

"नाही ऐकलं," मी म्हटलं.