खरात सरांची बारी

या, अशा जवळ या. उंबऱ्यात उभं राहून काय ऐकता? आणि आल्या आल्या तो मोबाईल कशाला बघताय? ठेवा बरं तो पालथा. तुम्हा शिकलेल्या माणसांची एक खोड मला पटत नाही बघा. समोरचा बोलायला लागला की तुमचं तोंड आधीच उघडलेलं असतं, आपलं घुसवायला. आज तसं चालायचं नाही. आज मी खरात सरांचं सांगणार आहे, आणि त्यांचं सांगताना कुणी मधी बोललं तर मी पहिल्यापासून सुरू करीन. त्यांचंच वळण लागलंय मला.

खरात सरांना मीटिंगमध्ये कुणी मधेच तोडलं की ते भांडायचे नाहीत, आवाज चढवायचे नाहीत, रुसून खालीही बसायचे नाहीत. तोडणाऱ्याचं सगळं बोलून होईपर्यंत नुसते उभे राहायचे. मग चष्मा काढायचे, रुमालानं पुसायचे, परत घालायचे आणि म्हणायचे, "मोडलं. पहिल्यापासून घेतो."

आणि खरंच पहिल्यापासून घ्यायचे. "सन्माननीय विभागप्रमुख आणि माझे सहकारी, मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली गोष्ट..."

मी कोण, ते सांगायचं राहिलंच. बारामतीच्या एका कॉलेजात भूगोल विभागात मी शिपाई होते. मागल्या वर्षी रिटायर झाले, आता कन्हेरीला असते. सगळे मावशी म्हणायचे. शाळा चौथीत सुटलेली, पुढचं वाचणं विभागातल्या नकाशांवर झालं. त्यामुळं मला नाईल नदी आधी वाचता आली आणि रजेचा अर्ज नंतर.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी तीन वाजता विभागाची मीटिंग असायची. मीटिंग काय असते ते मी चहाचा ट्रे धरून शिकले. एक जण बोलतो, दुसरा घड्याळ बघतो, तिसरा पहिल्याला तोडतो, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं वहीत लिहिलं जातं. आमच्याकडं मोठा आवाज देशमाने सरांचा. माणूस हुशार, कपड्याला कडक इस्त्री, पण जीभ म्हणजे मोकाट सुटलेलं वळू. दुसऱ्याचं वाक्य निम्म्यात आलं की "पॉइंटवर या, पॉइंटवर या" सुरू. स्वतः मात्र सात गावं फिरून पॉइंटला यायचे. नव्या माणसाला तर बोलूच द्यायचे नाहीत. "तुम्हाला विचारलंय का?" एवढं म्हटलं की नवा माणूस गार.

प्रमुख साहेब स्वभावानं गरीब. त्यांना भांडण नको असायचं, म्हणून ते देशमाने सर म्हणतील त्याला मान हलवायचे.

खरात सरांपुढं मात्र देशमान्यांचा इलाज चालत नव्हता. सर उभे राहिले की पोरं-पोरींसारखे सगळे खाली बघून हसायचे. पाठीमागं नाव पडलेलं, 'पहिल्यापासून'. "आज पहिल्यापासून आलेत का?" "हायत की, बाहेर गाडी लावतायत." असं चालायचं. शिंक आली तर सर माफ करायचे. "शिंक देवाघरची," म्हणायचे. खोकल्याला मात्र बघून घ्यायचे, खरा आहे का मुद्दाम काढलेला. मोबाईल वाजला की मोडलंच. एकदा प्रयोगशाळेतल्या गळक्या नळाचा विषय त्यांनी नऊ वेळा सुरू केला. नवव्या वेळेला देशमाने सर हात जोडून म्हणाले, "अहो खरात, मी उद्या स्वतः प्लंबर घेऊन येतो, पण बसा!" आणि आणला की खरंच!

त्या तीन गोष्टींची गंमत सांगते. पहिली गोष्ट म्हणजे नकाशांच्या कपाटाचं दार लागत नाही. ती अख्ख्या विभागाला तोंडपाठ. दुसरी म्हणजे पहाटेच्या एसटीनं येणाऱ्या पोरांचा पहिला तास पंधरा मिनिटं पुढं घ्या. ती कुणी कुणी ऐकलेली. तिसरीपर्यंत दोन वर्षं कधी गाडी पोचलीच नाही. एका शनिवारी देशमाने सरांची दाढ सुजली होती. त्यांना तोंडच उघडेना. आणि सर आपले सरळ तिसऱ्या गोष्टीवर आले. "तिसरी गोष्ट. मीटिंगचे दोन-दोन तास मावशी ट्रे घेऊन भिंतीला उभ्या असतात. त्यांचा गुडघा दुखतो. त्यांना बसायला स्टूल द्यावं."

साहेबांनी मान हलवली आणि प्रयोगशाळेतलं एक स्टूल माझ्यासाठी आलं. दोन वर्षं हा माणूस माझ्या स्टुलासाठी पहिल्यापासून घेत होता आणि मीही बाकीच्यांसारखी पदर तोंडाला लावून हसत होते.

नंतर कपबशा उचलताना मी विचारलं, "सर, एवढं उभं राहून शिणता. सोडून द्यावं की एखाद्या वेळी."

तेव्हा बोलले. सर मूळचे भिगवणजवळच्या डाळजचे, अजून राहतातही तिथंच. म्हणाले, "मावशी, आमचं रान कालव्याच्या चारीच्या पार शेवटाला. शेवटाच्या माणसाची पाण्याची बारी आली की वरचे लोक मधीच चारीचं दार फोडायचे. पाणी त्यांच्या सरीत. आमच्या वडलांची सरी निम्मीच भिजायची. वडील बोलायचे न्हाईत, घरी यायचे. मी बारका होतो, तवाच ठरवलं. आपली बारी असंल तर पाणी सरीच्या टोकाला पोचल्याबिगर हालायचं न्हाय. मधी फोडलं तर परत पहिल्यापासून."

आता असलं मातीतलं शहाणपण शहरातल्या पुस्तकात कुठं मिळायचं? मी स्टुलावर बसले आणि त्या दिवसापासून मीटिंग नीट ऐकायला लागले.

आता रेवतीचं ऐका. रेवती मॅडम लोणी देवकरची. नवरा तिथल्याच एका कारखान्यात पाळीनं कामाला. ही आमच्याकडं तासिकेवर शिकवायची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर. पुढच्या वर्षी तास मिळतील का नाही, ते दर वर्षी नव्यानं ठरणार. पोरगी कामाची. जी दुपारची प्रात्यक्षिकं कुणी घेत नव्हतं, ती सगळी हिच्या गळ्यात. पण मीटिंगमध्ये तोंड उघडलं की हिचा आवाज चुलीवरच्या झाकणासारखा थरथरायचा.

एका शनिवारी विषय निघाला, पुढच्या वर्षी तासिकेवरचं एक माणूस कमी करायचं. कोण, ते देशमाने सरांनी आधीच ठरवून आणलेलं.

"रेवती मॅडमना वर्ग आवरत नाही," ते म्हणाले. "बाहेर व्हरांड्यात आवाज येतो."

"सर, मी जरा..." रेवती उठली.

"तुम्हाला विचारलंय का?"

ती बसली. हातातला कागद मुठीत गेला. प्रमुख साहेबांनी मान हलवायला सुरुवात केली. मला स्टुलावर बसवेना. मी काय बोलणार? मी शिपाई.

खरात सर उठले. चष्मा नाही, रुमाल नाही. "सन्माननीय विभागप्रमुख, यादीप्रमाणं आता बोलायची बारी माझी आहे ना?"

"आहे," साहेब म्हणाले. सगळ्यांनी खाली बघून हसायची तयारी केली.

"मग माझी बारी मी रेवती मॅडमना देतो."

देशमाने सर उसळलेच. "अशी देता येते का? मीटिंग आहे का उसाचा फड?"

"फड न्हाय, चारी हाय," सर म्हणाले. मीटिंगमध्ये त्यांची गावची बोली मी पहिल्यांदा ऐकली. "चारीवर शेजाऱ्याला आपली बारी देता येती, देशमानेराव. तुमच्या गावात पण देत्यात. आजोबांना इचारा."

"मला आजोबा नाहीत!"

"मग माझ्यावर इश्वास ठेवा."

रेवती उठली. "सन्माननीय विभागप्रमुख, मी दोन वर्षं दुपारची प्रात्यक्षिकं..."

"पॉइंटवर या."

"मोडलं," खरात सर म्हणाले. "मॅडम, पहिल्यापासून."

तिनं पहिल्यापासून घेतलं. परत तोडलं. परत "मोडलं." तिसऱ्या वेळेला तिला रडू फुटेल असं मला वाटलं. पण काय झालं बघा, तेच वाक्य चौथ्यांदा म्हणताना तिचा आवाज थरथरायचा थांबला. पाचव्यांदा तिनं कागद टेबलावर ठेवून दिला. सहाव्यांदा ती देशमाने सरांकडं बघून बोलायला लागली. हे काय सर तिला नुसतं बोलायला लावत नव्हते हो, घोटवून घेत होते!

घड्याळ पुढं चाललेलं. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. एरवी पाचाच्या ठोक्याला निघणारे खरात सर सारखे मनगटाकडं बघत होते. पाच वाजले, साडेपाच झाले. देशमाने सरांनी ते हेरलं. "काय खरात, आज घरी पळायचं नाही वाटतं? रोज तर पाचला गाडीला किक."

सरांचा चेहरा एकदम उतरला. उठतात की काय असं वाटलं. पण बसूनच म्हणाले, "मोडलं. मॅडम, पहिल्यापासून."

सहा वाजता देशमाने सरांनी खुर्चीला पाठ टेकली आणि गप्प झाले. रेवती शेवटापर्यंत बोलली. शेवट असा, "वर्ग मला आवरत नाही म्हणता, तर कुणीही या आणि माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसा. आवाज कसला येतो ते कळंल. पोरं प्रश्न विचारतात, त्याचा येतो." आणि खाली न बसता तशीच उभी राहिली, कुणी येतंय का बघत.

प्रमुख साहेबांनी मान हलवली नाही. म्हणाले, "मी येतो. गुरुवारी."

आले हो. गुरुवारी मागच्या बाकावर बसले. मी दाराच्या फटीतनं बघितलं, साहेबांनी स्वतः हात वर करून एक प्रश्न विचारला. जूनमध्ये रेवतीच्या हातात पुढल्या वर्षाच्या तासांचं पत्र पडलं.

पत्र आलं तेव्हा सर रजेवर. रेवती म्हणाली, "मावशी, फोनवर नको, जाऊन सांगू." पेढे घेतले, एसटीनं भिगवण, तिथनं रिक्षानं डाळज. वाटेत आम्ही दोघी ठरवत होतो, घरी तर सर किती बोलत असतील! बायको बिचारी कशी ऐकत असंल!

सरांचं घर उसाला लागून. ओसरीवर खाटेवर वहिनी बसलेल्या, डावा हात मांडीवर तसाच पडलेला. शेजारी सर, वाटीत भात कालवत. चार वर्षांपूर्वी वहिनींना लकव्याचा झटका आलेला, वाचा गेलेली, आता एक-एक शब्द परत येत होता. शेजारची काकू सहापर्यंत बसायची, म्हणून सर पाचला निघायचे. कॉलेजात कुणालाच बोलले नव्हते. त्या शनिवारी काकू कंटाळून घरी गेली, आणि वहिनी तासभर एकट्या बसून राहिल्या होत्या. सर हे सांगताना भाताकडं बघत होते.

रेवतीनं पत्र दाखवलं. सर हसले, पेढा तोडून पहिला वहिनींच्या तोंडात घातला.

मग वहिनी माझ्याकडं बघून काहीतरी बोलायला लागल्या. ओठ हलले, आवाज निघेना. मी आपली मदतीला, "पाणी पाहिजे का वहिनी? आत जायचंय का?" सरांनी माझ्या हातावर हळूच हात ठेवला. एवढंच. डोळे वहिनींवर. उसातनं वारा जाऊन आला, गोठ्यात शेरडू ओरडून गप्प झालं. सर हलले नाहीत. सगळ्या विभागाला घाईला आणणारा माणूस, तोंड मिटून बसलेला, जसं काही त्याला आयुष्यात दुसरं कामच नाही.

"तुमचा..." वहिनी म्हणाल्या. किती तरी वेळानं, "...गुडघा... कसा हाय?"

सांगते तुम्हाला, इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आणि त्या बाईला विचारायला किती कष्ट पडले ते मी डोळ्यानं बघितलं. म्हणजे सरांनी घरी जाऊन माझा गुडघा सांगितला होता. मी म्हटलं, "बरा हाय, वहिनी," आणि मला पुढचं बोलता येईना. दोघंही वाट बघत बसले, मी बोलेपर्यंत.

आता मी दर पंधरवड्याला जाते डाळजला. मधल्या दिवसांत मात्र हितं कन्हेरीत मी आणि ही भिंत. तवा तुम्ही निघताय तर निघा, पण लवकर या परत. फोन करून नको, मुक्कामाला या. चुलीवरच्या भाकरी करीन. आणि यायचं तर सगळा दिवस मोकळा ठेवून या, माझं बोलणं लांबलचक असतं.