पप्पांच्या खुर्चीसाठी पहिलवान

पप्पांची खुर्ची मी राखणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

पप्पा फेब्रुवारीत गेले. दर ऑगस्टला ते आणि त्यांचे तीन मित्र, चेस्टरकाका, नॉर्बकाका आणि एर्वकाका, चेस्टरकाकांच्या गॅरेजमध्ये जमत आणि अमेरिकन फुटबॉलच्या देशभरच्या खेळाडूंमधून आपापला संघ फळ्यावर मांडत. खऱ्या सामन्यांत ते खेळाडू जे करतील, त्याचे गुण मिळायचे. हंगामाअखेर जो तळाला, त्याची खुर्ची पुढच्या हंगामापुरती दुसऱ्याला जायची.

"कोरिन, तुला नाही गं झेपायचं," चेस्टरकाका म्हणाले. "माझ्या जावयाला बसू दे."

"पप्पांनी मला सगळं शिकवलंय!"

शिकवलंच होतं. दर एप्रिलला आमच्या गावचा संघ नवे खेळाडू निवडताना एखादा देखणा चेंडूफेक्या उचलायचा आणि पप्पा टीव्हीवर खेकसायचे, "पायाचा पत्ता नाही, निघाले कळस चढवायला! आधी लाइनमन घ्या रे!" लाइनमन म्हणजे चेंडूला हातही न लावता समोरच्यांना थोपवून धरणारे डोंगर.

बाकी दोघा काकांनी माझी बाजू घेतली आणि पहिली निवडही मलाच दिली. मी ठणकावून सांगितलं, "ओबेड टिलमन. लाइनमन!"

नॉर्बकाकांच्या घशात पिरोगी, ती बटाट्याची उकडलेली करंजी, अडकली. एर्वकाकांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, माझी चाल पाहून हबकले!

"मीपण लाइनमनच घेतो, पोरी," एर्वकाका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तुझ्या पप्पांसाठी. आपल्या कॅझसाठी."

"मीही," नॉर्बकाका म्हणाले.

चोर कुठले! पप्पांची युक्ती माझ्यावरच? मी घाईघाईने दुसराही लाइनमन घेतला. त्यांनी डोळे पुसले आणि तेही घेत सुटले. मी जितकी घाई करावी, तितके ते हुंदके देत! फळ्याची पार पहिलवानांची तालीम झाली. फेकणारे, पळणारे, झेलणारे, सगळे एकट्या चेस्टरकाकांच्या पदरात.

"अरे, वेड लागलंय का तुम्हाला?" ते ओरडले.

"तुला काळीजच नाही, चेस्टर!" नॉर्बकाका गरजले.

पहिल्या रविवारी माझ्या टिलमनने माणसं कणकेसारखी लाटली. गुण शून्य. दुसऱ्या रविवारीही शून्य. मी एर्वकाकांना फोन केला.

"काका, फळ्यावर काहीतरी चुकतंय."

"चुकत नाही गं. चेंडू नेणाऱ्याला गुण. ढकलणाऱ्याला कसले?"

"मग तुम्ही का घेतलेत?"

"तू घेतलास म्हणून! आम्हाला वाटलं, तू कॅझला श्रद्धांजली वाहतेयस."

"पण पप्पा इथे काय घ्यायचे?"

"कॅझ? दरवर्षी पहिला पळणाराच! लाइनमन खऱ्या संघाला लागतात, पोरी. इथे कुणाला?"

मी फोन ठेवला आणि माझी यादी काढली. सगळे डोंगर!

हंगाम संपला. चेस्टरकाकांकडे गुणांची रास, आम्हा तिघांकडे भोपळा. तळाला तिघंही, म्हणून नियमाप्रमाणे तिन्ही खुर्च्या गेल्या. पप्पांचीही. जावई येऊन ऐटीत बसला.

काल चेस्टरकाकांचा फोन आला. आवाज पार पडलेला.

"कोरिन, तिघंही परत या गं. नियम गेला खड्ड्यात!"

"का हो, काका?"

"जावयाशी मी एकट्याने बोलू तरी काय?"

जाणार आहे मी. फक्त हे पळणारे कोण कोण असतात, ते आधी कुणाला तरी विचारायला हवं. सामना बघताना पप्पांनी मला तिकडे कधी बघूच दिलं नाही!