पडण्याचं प्रमाण शून्य

माणूस पडतो याचं मूळ कारण तो उभा राहतो, हे आहे. बसलेला फार तर कलंडतो. आडवा झालेला तेवढंही करत नाही. हे शास्त्र माईंच्या थोरल्याला उमगलं, त्या दिवसापासून माईंचं उभं राहणं हा घरातला शिस्तभंग ठरला.

माई तशा ठणठणीत. रोज सकाळी जिना उतरून फाटकाजवळच्या बाकावर बसायच्या आणि समोरच्या इमारतीतल्या मैत्रिणीबरोबर साऱ्या जगाची उणीदुणी काढून टवटवीत होऊन परतायच्या. तेवढंच त्यांचं सुख. पण शेजारचे आजोबा घसरले, आणि थोरल्याने घरात पतन-प्रतिबंधक समिती नेमली (अध्यक्ष: स्वतः, सचिव: सूनबाई, फोनवरून सल्ला: लेक, माई: विषय).

रीत म्हणून माईंनाही विचारण्यात आलं.

"मला काही नको रे बाबा. न्हाणीघराच्या दाराशी ती फरशी हलते ना, तेवढी बसवून घे. कधीची सांगतेय!"

"आई, विषय सोडून बोलू नकोस. इथे सुरक्षिततेचं चाललंय. फरशी दुरुस्तीत येते. रविवारी बघू."

मग कामाने जोर धरला. पायपुसणी गेली. स्टूल माळ्यावर गेलं (ते चढवताना सूनबाई पडता पडता वाचल्या, पण ज्येष्ठांच्या वयात बसत नसल्याने नोंद झाली नाही). पलंगाला कठडे आले, माईंच्या गळ्यात घंटीचं बटण आलं, जिना बंद झाला. पडण्याचं प्रमाण शून्यावर आलं. (आधीही ते शून्यच होतं, पण ते अनियोजित होतं.)

रोज खालून मैत्रीण हाक मारायची, "अगं, येतेस ना?" माई कठडा धरून बसून राहायच्या. पायांतलं बळ चाललं होतं आणि त्यांना फार एकटं वाटायचं.

एके दिवशी हाकच आली नाही. माईंनी थोडा वेळ वाट पाहिली. त्यांनी बटण दाबलं. थोरला अंगावरच्या साबणासकट न्हाणीघरातून धावला. फरशी हलली. अध्यक्ष पडले.

माई कठडा ओलांडून पलंगावरून उतरल्या, भिंत धरत आल्या, सवयीने ती फरशी ओलांडली आणि खाली बसल्या. "फार लागलं का रे, सोन्या?"

पाय मोडला होता. समितीने नोंदवलं: ज्येष्ठांच्या पडण्याचं प्रमाण अद्याप शून्य. पलंग व घंटी अध्यक्षांकडे वर्ग करण्यात आली. "आता तरी फरशी?" माईंनी विचारलं. "रविवारी," अध्यक्ष कण्हत म्हणाले.

दुसऱ्या सकाळी माई जिन्याचा कठडा धरत धरत खाली उतरल्या. बाक रिकामा होता. समोरच्या खिडकीतून मैत्रीण ओरडली, "अगं, माझ्याही लेकाने समिती नेमलीय!"

हसा, खुशाल हसा. फक्त एवढं आठवून बघा: मघाशी आईने काहीतरी करून घ्यायला सांगितलं आणि तुम्ही मान वर न करता "बघू" म्हणालात, ते नक्की काय होतं?